कृत्रिम श्वसनयंत्रातील कालनियमन

स्वतःचा श्वासोच्छ्वास पुरेसा चालू ठेवू न शकणाऱ्या रुग्णाच्या फुफ्फुसांत यंत्राने किती वेळ हवा भरावयाची, ती बाहेर पडण्यास किती अवधी द्यावयाचा आणि पुढील श्वास केव्हा सुरू करावयाचा, हे ठरविण्याच्या व्यवस्थेस कृत्रिम श्वसनयंत्रातील कालनियमन म्हणतात. श्वासाचा दर, अंतःश्वसनाचा (श्वास आत घेण्याचा) काल, उच्छ्वसनाचा (श्वास बाहेर सोडण्याचा) काल, हवेच्या प्रवाहाचा वेग आणि श्वासाच्या शेवटी दिलेला विराम हे त्याचे प्रमुख घटक होत. दाब आणि हवेचे आकारमान यांच्याइतकेच महत्त्व काळालाही आहे, ही जाणीव मात्र वैद्यकास उशिरा झाली. बहुतेक यंत्रे हवा केवळ आत लोटतात. ती बाहेर टाकण्याचे काम ताणलेल्या फुफ्फुसांच्या व छातीच्या स्थितिस्थापकतेवर सोपविलेले असते. यंत्राने त्यासाठी पुरेसा वेळ राखला नाही, तर जीव वाचविणारे साधनच जीवघेणे ठरू शकते. कृत्रिम श्वसनाच्या इतिहासाचा मोठा भाग या एका गोष्टीच्या आकलनाचा इतिहास आहे.

नैसर्गिक श्वसनचक्र : निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांत अवस्थेत दर मिनिटास सु. १२ ते १६ वेळा श्वास घेते आणि प्रत्येक श्वासात सु. ५०० मिलि. हवा आत येते. यांपैकी सु. १५० मिलि. हवा श्वासमार्गातच राहते व वायूंच्या देवघेवीत भाग घेत नाही. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील केंद्रांकडून ठरते. मध्यपटल व फासळ्यांमधील स्नायू आकुंचन पावले म्हणजे छातीची पोकळी वाढते, आतील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. स्नायू सैल पडताच ताणलेले फुफ्फुस आपोआप आक्रसते व हवा बाहेर पडते. उच्छ्वसनास अंतःश्वसनापेक्षा अधिक वेळ लागतो. दोहोंचे प्रमाण साधारणतः १ : १·५ ते १ : २ असते. बोलताना वा गाताना अंतःश्वसन आखूड व उच्छ्वसन दीर्घ होते, तर श्रमाच्या वेळी दोन्ही आखूड होतात. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढताच केंद्रे श्वासाचा दर व खोली वाढवितात. नैसर्गिक श्वसनाचे काळावरील हे नियंत्रण क्षणोक्षणी बदलत असते. यंत्राला ती लवचिकता नसते, ही सर्व अडचणींची सुरुवात होय [⟶ श्वसन तंत्र].

प्रारंभीचे प्रयोग : आंद्रेअस व्हेसेलियस (१५१४–६४) यांनी आपल्या १५४३ मधील शारीरविषयक ग्रंथात प्राण्याच्या श्वासनालात वेताची किंवा बोरूची नळी बसवून तीत फुंकर घातली असता फुफ्फुस पुन्हा फुगते व हृदयाचे बळ परत येते, असे वर्णन केले. रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केलेला प्रयोग कालनियमनाच्या दृष्टीने अधिक सूचक आहे. छाती उघडलेल्या कुत्र्यास त्यांनी भात्याने हवा देऊन जिवंत ठेवले. नंतर फुफ्फुसाच्या पृष्ठभागास बारीक छिद्रे पाडून दोन भात्यांच्या साहाय्याने हवेचा अखंड झोत चालू ठेवला. फुफ्फुस फुगलेल्या स्थितीत जवळजवळ स्थिर राहिले, तरीही कुत्रा जगला. यावरून फुफ्फुसाची हालचाल हे श्वसनाचे प्रयोजन नसून ताज्या हवेचा पुरवठा हे प्रयोजन आहे, असे हुक यांनी दाखविले. मात्र छिद्रे नसलेल्या फुफ्फुसात हवेला येण्याजाण्याचा मार्ग एकच असतो. म्हणून एकाच मार्गाचा वेळ येणाऱ्या व जाणाऱ्या हवेत वाटून द्यावा लागतो, आणि ही वाटणी हाच कालनियमनाचा गाभा आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडालेल्या माणसांना शुद्धीवर आणण्यासाठी ॲम्स्टरडॅम (१७६७) व लंडन (१७७४) येथे संस्था स्थापन झाल्या आणि भात्याचा वापर वाढला. जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७७६ मध्ये दुहेरी भाता सुचविला. त्याच्या एका कप्प्याने ताजी हवा आत जावी व दुसऱ्याने वापरलेली हवा बाहेर ओढली जावी, अशी ही योजना होती. म्हणजे उच्छ्वसनाची स्वतंत्र काळजी तीत घेतलेली होती. पुढे १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच शल्यविशारद लरॉय देत्योल यांनी भात्याने जोराने व अविचाराने भरलेली हवा प्राण्यांची फुफ्फुसे फाडते, हे प्रयोगांनी दाखविले. या इशाऱ्यानंतर भात्याची पद्धत मागे पडली. एकोणिसाव्या शतकात छाती दाबणे, हात वर-खाली करणे, रुग्णास कुशीवर वळविणे अशा हस्तपद्धती रूढ झाल्या. त्यांत लय मदत करणाऱ्याच्या मोजण्यावर अवलंबून असे.

काळ की दाब : श्वास केव्हा संपवावयाचा, हा प्रश्न यंत्रयुगात प्रथम जर्मनीतील ल्यूबेक येथे स्पष्टपणे पुढे आला. हाइन्‍रिख ड्रेगर यांनी १९०७ मध्ये ‘पल्मोटर’ या नावाचे, संपीडित ऑक्सिजनावर चालणारे यंत्र तयार केले. खाणीत वा विषारी वायूने गुदमरलेल्यांसाठी ते होते आणि ते हवा आत लोटून पुन्हा बाहेर शोषून घेत असे. मूळ नमुन्यात अंतःश्वसन व उच्छ्वसन यांची अदलाबदल घड्याळासारख्या यंत्रणेने, ठराविक वेळाने होई. पुढील सुधारणेत ती काढून टाकण्यात आली आणि ठराविक दाब गाठताच झडप उलटेल, अशी रचना करण्यात आली.

या दोन तत्त्वांतील भेद पुढील अर्धशतकभर टिकून राहिला. कालनियंत्रित यंत्रात श्वासाची लांबी निश्चित असते. पण श्वासमार्गात अडथळा आल्यास तेवढ्या वेळात आत जाणारी हवा कमी होऊ शकते किंवा दाब फार वाढू शकतो. दाबनियंत्रित यंत्रात दाबाची मर्यादा पाळली जाते. मात्र नळी दुमडली, कफ साचला किंवा फुफ्फुस ताठर झाले, तर दाब लवकर गाठला जातो आणि पुरेशी हवा आत जाण्यापूर्वीच श्वास संपतो. पल्मोटरवर याच कारणाने टीका झाली. अमेरिकेत फॉरेस्ट बर्ड (१९२१–२०१५) यांनी १९५० च्या दशकात तयार केलेली, विजेवाचून केवळ वायूच्या दाबावर व चुंबकाने धरून ठेवलेल्या झडपेवर चालणारी छोटी यंत्रेही मूलतः दाबनियंत्रित होती. ती स्वस्त व सुटसुटीत असल्याने जगभर पसरली. पण रुग्णाची छाती ताठर झाली की यंत्राचा ठोका जलद व उथळ होई, आणि त्या बदललेल्या आवाजावरून अनुभवी परिचारिका बिघाड ओळखीत असत.

लोखंडी फुफ्फुस : फिलिप ड्रिंकर (१८९४–१९७२) व लुई शॉ यांनी हार्व्हर्ड येथे तयार केलेले पेटीसारखे यंत्र ऑक्टोबर १९२८ मध्ये बॉस्टन येथील बालरुग्णालयात आठ वर्षांच्या एका मुलीवर प्रथम वापरण्यात आले. बालपक्षाघाताने (पोलिओने) तिचे श्वसनस्नायू निकामी झाले होते. रुग्णाचे डोके बाहेर व बाकीचे शरीर धातूच्या हवाबंद पेटीत ठेवून पेटीतील दाब आळीपाळीने कमी-जास्त करण्यात येई. दाब कमी झाला की छाती फुगून हवा आत येई. ती मुलगी काही मिनिटांतच शुद्धीवर आली. पुढे काही दिवसांनी न्यूमोनियाने ती दगावली. जॉन एमर्सन यांनी १९३१ मध्ये अधिक साधे व स्वस्त यंत्र बनविले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बोथ बंधूंनी ऑस्ट्रेलियात तयार केलेल्या लाकडी पेट्या लॉर्ड नफील्ड यांच्या देणगीतून ब्रिटिश साम्राज्यातील अनेक रुग्णालयांना मिळाल्या.

लोखंडी फुफ्फुसात दर मिनिटाचा दर बदलता येत असला, तरी लय यंत्राची असे. रुग्णाला बोलावयाचे झाल्यास हवा बाहेर जाण्याच्या टप्प्यातच शब्द उच्चारावे लागत व अंतःश्वसन सुरू होताच वाक्य अर्धवट थांबवावे लागे. ज्यांचे फक्त श्वसनस्नायू लुळे झाले होते आणि फुफ्फुसे निरोगी होती, त्यांना हे यंत्र उपयोगी पडले. ज्यांना घशातील लाळ गिळता येत नव्हती, त्यांच्या श्वासमार्गात ती साचे आणि बाहेरून दिलेल्या लयीचा उपयोग होत नसे.

हृदयावरील परिणाम : धन दाबाने हवा आत लोटण्यात एक मूलभूत फरक आहे. नैसर्गिक अंतःश्वसनात छातीतील दाब घटतो, त्यामुळे नीलांतील रक्त हृदयाकडे ओढले जाते. यंत्राच्या अंतःश्वसनात हाच दाब वाढतो व रक्ताचा परतीचा ओघ मंदावतो. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या प्रश्नामुळे या विषयाच्या अभ्यासाला चालना मिळाली. आंद्रे कूरनांड (१८९५–१९८८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाबाचे निरनिराळे आलेख वापरून हृदयाकडून होणारी रक्ताची फेक मोजली. अंतःश्वसनात दाब हळूहळू वाढविला, नंतर तो झटकन वातावरणीय पातळीवर आणला आणि उच्छ्वसनाला अंतःश्वसनाइतका किंवा त्याहून अधिक वेळ दिला, तर ही फेक घटत नाही, असे त्यांना आढळले. हृदय अंतःश्वसनात गमावलेला ओघ उच्छ्वसनाच्या विश्रांतीत भरून काढते. यंत्रावरील कालाचे प्रमाण हे केवळ फुफ्फुसांचे नव्हे, तर रक्ताभिसरणाचेही नियामक आहे, हे यातून प्रथमच मोजमापाने सिद्ध झाले. अंतःश्वसन चक्राच्या एक-तृतीयांशाच्या आसपास ठेवण्याच्या पुढील काळातील प्रघाताला या निष्कर्षाचा आधार होता.

कोपनहेगनची साथ : १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे बालपक्षाघाताची भीषण साथ उद्‌भवली. सर्व रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येत. तेथे लोखंडी फुफ्फुस एकच होते व छातीभोवती बसविण्याची कवचयंत्रे सहा होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रांनी उपचार केलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तातील बायकार्बोनेटाचे प्रमाण वाढलेले दिसे आणि ते क्षाररक्ततेचे लक्षण मानले जाई. शुद्धिहरणतज्ञ ब्यॉर्न इब्सेन (१९१५–२००७) यांनी हे रुग्ण कार्बन डाय-ऑक्साइड साचल्याने मरत आहेत, म्हणजे ही अम्लरक्तता आहे, असे निदान केले. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनालास छेद देऊन त्यांनी नळी बसविली, लाळ शोषून काढली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा देण्यास सुरुवात केली. मुलगी वाचली. पोल आस्ट्रुप (१९१५–२०००) यांनी रक्ताच्या अम्लतेचे मापन करून इब्सेन यांच्या निदानास आधार दिला.

यानंतर सु. १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्यापाळ्यांनी रात्रंदिवस पिशव्या दाबल्या, एकूण सु. १,६५,००० तास हे काम चालले. सु. ८७ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. यंत्र नसतानाही हे यश मिळाले, याचे एक कारण कालनियमनात आहे. पिशवी दाबणाऱ्याला छाती खाली बसलेली डोळ्यांनी दिसते व पिशवीचा विरोध हातांना जाणवतो. छाती बसल्यावाचून तो पुढचा श्वास देत नाही. या हातांची जागा घेण्यासाठी जी यंत्रे पुढे आली, त्यांपैकी स्वीडनमधील कार्ल-गुन्नार एंगस्ट्रम यांचे यंत्र विशेष महत्त्वाचे ठरले. दर श्वासास ठराविक आकारमानाची हवा ठराविक वेळात देणे हे त्याचे तत्त्व होते. हाताला असलेली जाणीव मात्र या यंत्रांना नव्हती.

याच सुमारास धनुर्वातावरही हा उपाय योजण्यात आला. झटके थांबविण्यासाठी स्नायू शिथिल करणारी औषधे दिली, की रुग्णाचा स्वतःचा श्वास पूर्ण थांबतो व लय सर्वस्वी यंत्राची होते. मुंबईत फारोख उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या १५० रुग्णांवरील अतिदक्षता उपचारांचा अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. धनुर्वाताचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात श्वसनयंत्राच्या वापराला अशा अनुभवाची जोड मिळाली.

कालाचा हिशोब : दर मिनिटाचा दर ठरला की प्रत्येक चक्राची लांबी ठरते. दर १२ असता एक चक्र ५ सेकंदांचे, २० असता ३ सेकंदांचे आणि ३० असता २ सेकंदांचे होते. हवेचा प्रवाह मिनिटास ६० लि. असेल, तर ५०० मिलि. हवा अर्ध्या सेकंदात आत जाते; तो ३० लि. केला, तर एक सेकंद लागतो. अंतःश्वसनाचा काल एक सेकंद कायम ठेवून दर १२ वरून २० व पुढे ३० केला, तर उच्छ्वसनाचा काल ४ सेकंदांवरून २ व पुढे अवघा १ सेकंद उरतो. दर वाढविण्याची किंमत अशा रीतीने जवळजवळ सर्वच उच्छ्वसनास मोजावी लागते. काही यंत्रांवर अंतःश्वसनाचा काल सेकंदांत, काहींवर प्रमाणात, तर काहींवर टक्केवारीत ठरविता येतो. स्वीडनमध्ये १९७१ साली आलेल्या ‘सर्व्हो ९००’ या यंत्रात अंतःश्वसन व विराम चक्राच्या टक्केवारीत ठरवीत. त्यात प्रवाह व दाब सतत मोजून झडपा विद्युत् नियंत्रणाने हलविल्या जात, त्यामुळे काळाचे परिणाम रुग्णशय्येजवळच दिसू लागले.

उच्छ्वसनास किती वेळ पुरेल, हे फुफ्फुसाच्या काल स्थिरांकावरून ठरते. श्वासमार्गाचा रोध व फुफ्फुसांची प्रसरणक्षमता (दाबाच्या एका एककास आकारमानात होणारी वाढ) यांचा गुणाकार म्हणजे काल स्थिरांक. एका काल स्थिरांकाएवढ्या वेळात फुफ्फुसातील जादा हवेपैकी ६३ टक्के, दोहोंत ८६ टक्के व तिहींत ९५ टक्के हवा बाहेर पडते. उदा., रोध दर सेकंदास एक लि. प्रवाहामागे १० सेंमी. पाण्याइतका व प्रसरणक्षमता सेंमी.मागे ५० मिलि. असल्यास काल स्थिरांक अर्धा सेकंद येतो आणि दीड सेकंदात फुफ्फुस बहुतांशी रिकामे होते. दम्याच्या तीव्र झटक्यात रोध तिप्पट झाला, तर त्याच कामास साडेचार सेकंद लागतात. याउलट ताठर फुफ्फुसाची प्रसरणक्षमता २० मिलि. एवढीच असेल, तर काल स्थिरांक ०·२ सेकंद होऊन ०·६ सेकंदही पुरतो. म्हणजे एकाच यंत्राची एकच मांडणी एका रुग्णास योग्य व दुसऱ्यास घातक ठरू शकते.

अडकलेली हवा : दम्याचा किंवा दीर्घकालीन श्वासरोधाचा रुग्ण यंत्रावर येतो तेव्हा त्याच्या रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचलेला असतो. तो घालविण्यासाठी दर वाढवावा, हे साहजिक वाटते. पण तसे केल्यास उच्छ्वसन पूर्ण होण्यापूर्वीच पुढचा श्वास सुरू होतो, प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा आत राहते आणि फुफ्फुस अधिकाधिक फुगत जाते. छातीतील दाब वाढून हृदयाकडे येणारे रक्त घटते व रक्तदाब कोसळतो. कधी फुफ्फुस फुटून त्याभोवतीच्या पोकळीत हवा शिरते (वातवक्ष). उच्छ्वसनाच्या वेळी यंत्राची नळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असल्याने दाबमापक शून्यच दाखवितो. त्यामुळे हा धोका दीर्घकाळ लपून राहिला. पॉल पेपी व जॉन मारिनी या अमेरिकन वैद्यांनी १९८२ मध्ये उच्छ्वसनाच्या शेवटी बाहेरचा मार्ग क्षणभर बंद करून हा छुपा दाब उघडकीस आणला. अशा रुग्णाचा रक्तदाब एकाएकी घसरल्यास यंत्राची नळी काही क्षण सोडवून हवा बाहेर जाऊ देणे, हा निदानाचा व उपचाराचाही मार्ग ठरला.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील दारिओली व पेरे यांनी १९८४ मध्ये अशा तीव्र दम्यात मुद्दाम कमी दराने व कमी हवेने श्वसन चालविले आणि कार्बन डाय-ऑक्साइड काही काळ वाढलेला राहू दिला. त्यांच्या २६ रुग्णांत ३४ वेळा हा उपाय योजण्यात आला व एकही मृत्यू झाला नाही. ऑस्ट्रेलियातील टक्सन व लेन यांनी १९८७ मध्ये मोजमापाने दाखविले, की मिनिटास दिलेली एकूण हवा वाढली किंवा उच्छ्वसनाचा काल घटला, की फुफ्फुसातील अडकलेली हवा वाढते. रक्तातील वायूंचे आकडे तातडीने सुधारण्यापेक्षा उच्छ्वसनास वेळ देणे अधिक हितावह, हा कृत्रिम श्वसनाच्या विचारसरणीतील मोठा पालट होता.

नवजात अर्भके : नवजात अर्भकाचा नैसर्गिक दर मिनिटास ४० ते ६० असतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या ताठर फुफ्फुसांत वायुकोश उच्छ्वसनाच्या अखेरीस मिटून जातात. लंडनमध्ये ऑस्मंड रेनल्ड्स यांनी १९७१ मध्ये दाखविले, की अशा अर्भकांत दर कमी करून अंतःश्वसनाचा काल वाढविला, तर रक्तातील ऑक्सिजन वाढतो. फुफ्फुसावरील सरासरी दाब वाढल्याने मिटलेले वायुकोश अधिक काळ उघडे राहतात, हे त्याचे कारण होय. त्याच वर्षी सॅन फ्रॅन्सिस्को येथे जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी श्वासमार्गात सतत थोडा धन दाब ठेवून हाच हेतू अन्य मार्गाने साधला. पुढे दीर्घ अंतःश्वसनाचा दोषही दिसून आला. अर्भक स्वतः श्वास सोडू पाहत असता यंत्र हवा लोटत राहिले, तर दोघांची झुंज होऊन वातवक्ष होण्याचा संभव वाढतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका बहुकेंद्रीय चाचणीत मिनिटास ६० च्या दराची २० ते ४० च्या दराशी तुलना करण्यात आली. जलद दराच्या गटात वातवक्षाचे प्रमाण कमी आढळले. आखूड अंतःश्वसनाकडे कल पुन्हा वळला.

प्रौढांतील ताठर फुफ्फुस : १९६७ मध्ये डेन्व्हर येथील ॲशबॉ, पेटी व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांच्या आधारे प्रौढांतील तीव्र श्वसनक्लेशाचे वर्णन केले. त्यात फुफ्फुसे द्रवाने भरून ताठर होतात. १९८० च्या दशकात अशा रुग्णांत अंतःश्वसन उच्छ्वसनापेक्षाही दीर्घ ठेवण्याची, म्हणजे प्रमाण उलटे करण्याची, पद्धत काही काळ लोकप्रिय झाली. ऑक्सिजन वाढे, पण हवा अडकणे, हृदयावरील ताण आणि रुग्णास गाढ गुंगीत ठेवण्याची गरज यांमुळे ती सर्वमान्य झाली नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीने लक्ष पुन्हा हवेच्या आकारमानाकडे वेधले. उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किग्रॅ.मागे १२ मिलि.ऐवजी ६ मिलि. हवा दिली असता मृत्यूचे प्रमाण ३९·८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लहान श्वासांची भरपाई करण्यासाठी या पद्धतीत दर मिनिटास ३५ पर्यंत वाढविण्याची मुभा होती. ताठर फुफ्फुस लवकर रिकामे होत असल्यामुळेच एवढा दर सुरक्षित ठरू शकला. तोच दर दम्याच्या रुग्णास घातक ठरला असता.

दर आणखी वाढवून मिनिटास शेकडो सूक्ष्म आंदोलने देणाऱ्या यंत्रांत उच्छ्वसनही यंत्रच घडवून आणते. त्यांच्याविषयी मोठ्या अपेक्षा होत्या. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत प्रौढ रुग्णांना कोणताही लाभ दिसला नाही व दुसरीत मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले.

रुग्णाची लय व यंत्राची लय : बहुतेक रुग्ण सर्वकाळ अचेतन नसतात, त्यांच्या मेंदूची श्वसनलय चालूच असते. रुग्णाने श्वास घेण्याचा प्रयत्न केला, की नळीतील दाब वा प्रवाह किंचित बदलतो आणि यंत्र श्वास सुरू करते. हवा अडकलेल्या रुग्णास मात्र यासाठी आधी आतील छुपा दाब ओलांडावा लागतो. तो दाब १० सेंमी. असेल व यंत्रास २ सेंमी.ची घट हवी असेल, तर रुग्णास १२ सेंमी.चा जोर लावावा लागतो. दुर्बल स्नायूंना हे झेपत नाही आणि प्रयत्न वाया जातात. यंत्राचे अंतःश्वसन फार आखूड असेल, तर रुग्णाचा प्रयत्न संपण्यापूर्वीच हवा थांबते व लगोलग दुसरा श्वास सुरू होऊन दुप्पट हवा आत जाते. ते फार दीर्घ असेल, तर रुग्ण पोटाच्या स्नायूंनी यंत्राविरुद्ध जोर करतो. फ्रान्समधील थिय व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ६२ रुग्णांचे निरीक्षण केले असता सु. एक-चतुर्थांश रुग्णांत अशा विसंगतीचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक होते. पूर्वी अस्वस्थ रुग्णास गुंगीचे औषध वाढविण्याची प्रथा होती; आता प्रथम यंत्राचा काल तपासणे इष्ट मानतात. १९९९ मध्ये मध्यपटलाचे विद्युत् संदेश अन्ननलिकेतील इलेक्ट्रोडांनी टिपून त्यांनुसार श्वास सुरू व बंद करण्याची पद्धत मांडण्यात आली. त्यामुळे काळाचे नियंत्रण अंशतः पुन्हा रुग्णाच्या मेंदूकडे गेले.

यंत्रापासून मुक्ती हाही कालनियमनाचाच प्रश्न आहे. यंत्राच्या सक्तीच्या श्वासांमध्ये रुग्णास स्वतःचे श्वास घेऊ देणारी पद्धत अर्भकांसाठी १९७१ मध्ये आणि प्रौढांसाठी १९७३ मध्ये पुढे आली. यंत्राचा दर रोज थोडा कमी करीत जावे, म्हणजे रुग्ण हळूहळू स्वावलंबी होईल, अशी तीमागील कल्पना होती. स्पेनमधील एस्तेबान व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या चाचणीत मात्र दिवसातून एकदा रुग्णास सरळ स्वतःच्या श्वासावर सोडून पाहण्याची पद्धत सु. तिप्पट वेगाने यंत्र सोडविणारी ठरली.

सद्यःस्थिती : आधुनिक यंत्रे दाब, प्रवाह व आकारमान यांचे आलेख सतत दाखवितात. उच्छ्वसनाच्या प्रवाहाची रेषा पुढील श्वासापूर्वी शून्यावर येते की नाही, हे पाहून हवा अडकत असल्याचे ओळखता येते. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत यंत्रांचा तुटवडा पडला, तेव्हा एकाच यंत्रावर दोन किंवा अधिक रुग्ण जोडण्याची सूचना पुढे आली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संस्थांनी एकत्रित निवेदन काढून तीस विरोध केला. एकमेकांना जोडलेल्या फुफ्फुसांपैकी अधिक लवचिक फुफ्फुसात बहुतेक हवा जाते, प्रत्येकाचे स्वतंत्र मापन होत नाही आणि एका रुग्णाची प्रकृती बदलली की दुसऱ्याच्या श्वासावरही परिणाम होतो, अशी कारणे त्यांनी दिली. कालनियमनाच्या दृष्टीनेही ही व्यवस्था सदोष आहे. कारण भिन्न रोध व भिन्न प्रसरणक्षमता असलेल्या दोन फुफ्फुसांना रिकामे होण्यास लागणारा वेळ भिन्न असतो आणि यंत्राला मात्र दोघांसाठी एकच काल राखता येतो.